कल्पना जबरदस्त, तरी कादंबरी का फसली? एका अर्बन फँटसीबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: रस्त्यावरच्या दिव्यांमध्ये सावल्या कोंडून ठेवल्यात आणि त्यांच्या जिवावर शहर रात्रभर उजळतं, अशी कल्पना असलेली एक अर्बन फँटसी, म्हणजे आपल्या रोजच्या शहरात जादू घडवणारी कादंबरी, तुम्ही मोठ्या उत्साहाने घेतलीत, सुरुवातीची पानं भराभर वाचलीत, मग निम्म्यावर कंटाळा यायला लागला, पात्रं आणि प्लॉट दोन्ही कच्चे वाटले, शेवट उरकल्यासारखा वाटला, थोड्या दिवसांनी पात्रांची नावंसुद्धा आठवेनात, आणि मित्रमंडळी म्हणतायत की फँटसीत एवढं लॉजिक शोधायचं नसतं. मग दोष पुस्तकाचा की आपला?

दोष पुस्तकाचा आहे. मीही ती कादंबरी शेवटपर्यंत वाचलीये, आणि बरीच वर्षं फँटसी आणि रहस्यकथांची हस्तलिखितं संपादित करत असल्यामुळे ती कुठे कुठे हातातून सुटत गेली हे मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं. नाव घेत नाही, कारण लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे आणि मला राग नाही आलेला, हळहळ वाटलीये. इतकी चांगली कल्पना रोज रोज हाती लागत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. नायिका रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या खात्यात रात्रपाळीला आहे, शिडीची गाडी घेऊन एका जोडीदाराबरोबर फिरते. एका रात्री एक दिवा तिच्याशी बोलतो. मग तीनशे वर्षं जगलेला एक गूढ माणूस भेटतो आणि सांगतो की दिवे राखणाऱ्या घराण्यातली तू शेवटची. व्हिलनला सगळे दिवे फोडून सावल्या मोकळ्या करायच्यात. मध्येच जोडीदार मारला जातो. शेवटी मुख्य सबस्टेशनच्या छतावर लढाई होते, नायिकेच्या हातातून प्रकाश निघतो, व्हिलन संपतो, दुसरा भाग येणार असल्याची चाहूल देऊन पुस्तक मिटतं.

तुम्ही दोन तक्रारी केल्यात, पात्रं कच्ची आहेत आणि प्लॉट कच्चा आहे. माझ्या मते ही एकच तक्रार आहे. या नायिकेने अख्ख्या कादंबरीत एकही निर्णय घेतलेला नाही, पुन्हा चाळून बघा. दिवा बोलला म्हणून ती घाबरली, माणूस भेटला म्हणून त्याच्या मागोमाग गेली, हल्ला झाला म्हणून पळाली, जोडीदार मेला म्हणून रडली, अंगात शक्ती आली म्हणून जिंकली. दर वेळी बाहेरून काहीतरी येऊन आदळतं आणि ती रिॲक्ट होते. आता माणूस कसा आहे हे आपल्याला कळतं ते अडचणीत सापडल्यावर तो काय धरतो आणि काय सोडतो त्यावरून, आणि प्लॉट म्हणजे तरी काय, त्या धरण्या-सोडण्यातून पुढे जे गुंते होत जातात तेच ना. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कादंबरीवरच्या आपल्या व्याख्यानांत हा फरक फार सोप्या भाषेत सांगितला होता, राजा मेला आणि मग राणी मेली ही झाली गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हा झाला प्लॉट. ते दुःख राणीच्या आतलं आहे, राणी कोण होती हे लेखकाला ठाऊक असल्याशिवाय ते लिहिताच येत नाही. म्हणजे दोन घटनांमधला सांधा पात्राच्या आत असतो, आणि या कादंबरीत तो सांधाच नाहीये म्हणून प्रकरणं नुसती एकापुढे एक ठेवल्यासारखी वाटतात.

हस्तलिखित वाचताना मी एक गोष्ट हमखास करून बघते. प्रत्येक प्रकरणातून मुख्य पात्र काढायचं आणि त्याजागी भलतंच कुणीतरी ठेवायचं, एखादी शिक्षिका, एखादा बँकेतला कारकून, कुणीही. प्रकरण जसंच्या तसं घडलं तर ते पात्र तिथे नव्हतंच असं समजायचं. या कादंबरीत तसं केलं तर पहिलं प्रकरण सोडून काहीही बदलत नाही.

आता दुसऱ्या प्रकरणातला तो सीन घ्या, जिथून जादू सुरू होते. ती रात्री एका दिव्याखालून चाललीये, दिवा विझतो, ती दचकून मागे वळते, दिवा परत लागतो, तिच्या छातीत धस्स होतं, असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं असं ती म्हणते. मी इथे पुस्तक खाली ठेवलं. जी बाई वर्षानुवर्षं सोडियमचे दिवे बदलतेय तिने हे शेकडो वेळा पाहिलेलं असणार. हाय-प्रेशर सोडियमचा दिवा म्हातारा झाला की त्याला पेटतं राहायला लागणारं व्होल्टेज वाढत जातं, एका टप्प्यावर बॅलास्टला, म्हणजे दिव्याचा करंट सांभाळणाऱ्या उपकरणाला, ते झेपत नाही, दिवा विझतो, थंड होतो, परत पेटतो, तापला की परत विझतो, रात्रभर हेच चालतं. तुम्हाआम्हाला ते भुताटकीसारखं वाटेल, तिच्यासाठी ती सगळ्यात कंटाळवाणी तक्रार आहे. पण याच कामातली दुसरी गोष्ट अशी की गरम असताना विझलेला हा दिवा लगेच पेटत नाही, एखादं मिनिट तरी थंड व्हावा लागतो, आणि पेटल्यावरही पूर्ण उजेड यायला काही मिनिटं जातात, आधी मंद, मग हळूहळू भरत जातो.

म्हणजे लेखकाने जे लिहिलंय, ती मागे वळते आणि दिवा लख्ख लागलेला असतो, ते खरोखर अशक्य आहे, फक्त ते अशक्य आहे हे कळणारी एकच व्यक्ती त्या रस्त्यावर आहे आणि लेखकाने तिलाच ते कळू दिलं नाही! तोच सीन असा असता तर बघा. दिवा विझतो. ती वरसुद्धा बघत नाही, बल्ब गेला असं म्हणून वही काढते आणि खांबाचा नंबर टिपायला लागते, आणि नंबर अर्धा लिहून झालाय तोवर कागदावर लख्ख उजेड पडतो. पेन थांबतं. तिने मनात सेकंद मोजले, चार झाले असतील नसतील, चारात हा दिवा लागूच शकत नाही. एवढंच. दोनशे शब्दांत आपल्याला ती काय काम करते, किती सवयीने करते, कशाला घाबरत नाही आणि कशाला घाबरते हे सगळं कळलं, आणि जादूही पटली, कारण जिला पटणं सगळ्यात अवघड होतं तिला पटलीये.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण पात्र उभं करायचं म्हटलं की नवे लेखक बालपणीच्या दुःखाकडे धावतात. इथेही तेच, लहानपणी आई सोडून गेली, वडील बोलायचे नाहीत, याची पानंच्या पानं आहेत, आणि तरी ती बाई डोळ्यांपुढे येत नाही. माणूस त्याच्या कामातून, त्याच्या हाताच्या सवयीतून फार पटकन दिसतो. आईची जखम असू दे की, पण ती दिव्याखाली वही काढून उभी राहिलेली दिसली पाहिजे आधी.

पुढचा मुद्दा शहराचा. या प्रकारच्या कादंबरीत शहर म्हणजे मागे लावलेला पडदा नसतो. नोकरी, भाडं, शेजारी, साहेब, शिफ्ट, शेवटची ट्रेन, या सगळ्याने माणूस बांधलेला असतो आणि जादू येऊन त्या बांधलेपणावर धडकते, मजा त्या धडकेत असते. फ्रिट्झ लायबर यांची १९४१ मधली 'स्मोक घोस्ट' ही कथा या प्रकाराच्या अगदी सुरुवातीच्या कथांपैकी मानली जाते, त्यात जाहिरातीच्या धंद्यातला एक माणूस रोज ऑफिसातून घरी जाताना उंचावरच्या रुळांवरून धावणाऱ्या एलिव्हेटेड ट्रेनच्या खिडकीतून छपरांवर काजळीचं एक गाठोडं बघतो आणि ते गाठोडं जवळ जवळ येत जातं. भीती कुठून येते तर त्याला दुसऱ्या दिवशीही ऑफिसला जायचंय, त्याच ट्रेनने जायचंय, आणि भूत तरी कशाचं बनलंय तर त्याच शहराच्या धुराचं. १९८७ मध्ये एमा बुल यांची मिनियापोलिसमध्ये घडणारी 'वॉर फॉर द ओक्स' आली, तिची नायिका रॉक बँडमधली गायिका, पऱ्यांच्या युद्धात ओढली गेली तरी ती संगीत सोडत नाही, उलट नवा बँड उभा करते आणि निर्णायक सामना तिच्या संगीतावरच होतो. म्हणजे तिचं साधं आयुष्य आणि जादूचं आयुष्य यांची गाठ शेवटपर्यंत सुटत नाही.

आपल्या कादंबरीत पाचव्या प्रकरणानंतर नोकरी गायब. तीन आठवडे ही बाई कामावर गेलेली नाही, कुणाचा फोन नाही, पगार कापला जात नाही, शिडीची गाडी कुठे आहे हे कुणी विचारत नाही. शहरातले दिवे एका रात्रीत निम्मे बंद पडतात आणि ज्या खात्याचं ते कामच आहे त्या खात्यातलं एकही माणूस पानावर येत नाही! फॅरा मेंडलसन यांनी २००८ च्या त्यांच्या अभ्यासग्रंथात फँटसीचे चार प्रकार पाडलेत, त्यातल्या एकात अद्भुत गोष्ट आपल्या नेहमीच्या जगात घुसते आणि घडी विस्कटते. अर्बन फँटसी बरीचशी त्यात बसते. पण विस्कटायला आधी घडी तर पाहिजे. ती लेखकानेच पाचव्या प्रकरणात आवरून ठेवून दिली, मग घुसखोरी कसली आणि कुणाच्या घरात.

तुम्ही निम्म्यावर कंटाळलात ते इथेच. तुम्हाला वाटलं असेल की वेग कमी झाला, पण घटना तर दुप्पट झाल्यात तिथे, पाठलाग आहेत, स्फोट आहेत, गटारातला तो लांबलचक सीन आहे. कमी झालाय तो ताण. गमावण्यासारखं काही उरलं नाही की पाठलागही सपाट वाटतो.

आता मित्रमंडळींचं म्हणणं, फँटसीत लॉजिक शोधायचं नाही. हे मला अजिबात मान्य नाही आणि ज्यांनी हा प्रकार घडवला त्यांनाही नव्हतं. टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरच्या व्याख्यानात हेच ठासून सांगितलंय की रचलेल्या जगाला आतून सुसंगती हवी, वाचक त्या जगात असेपर्यंत त्याला ते खरं वाटलं पाहिजे, आणि शंका आली की जादू संपली. एच. जी. वेल्स यांचंही म्हणणं साधारण असंच, एक अशक्य गोष्ट मान्य करून घ्या आणि बाकी सगळं माणसासारखं, रोजच्यासारखं ठेवा. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये मांडलेला नियम तर हल्ली लिहिणारा जो तो सांगतो, वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितकीच तिच्या जोरावर अडचण सोडवायचा लेखकाला हक्क. मला यातला शेवटचा नियम सगळीकडे लावावासा वाटत नाही, काही कथांमध्ये जादू न कळण्यातच तिची ताकद असते, पण तशा कथांमध्ये जादूने प्रश्न सुटत नाहीत, वाढतात. या कादंबरीत मात्र छतावर नायिका पूर्ण हरलेली असताना तिच्या तळहातातून प्रकाश निघतो. तो आधी कुठेही निघालेला नाही, त्याची किंमत काय ते माहीत नाही, का आत्ताच निघाला तेही नाही, कारण म्हणून फक्त घराणं. कथेचा उलगडा कथेतूनच व्हावा, वरून आणलेल्या देवाने नको, हे ॲरिस्टॉटलने सांगून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. घराण्याचं रक्त हा तसाच वरून आणलेला देव आहे.

शिवाय ही कादंबरी रहस्यकथेच्या सांगाड्यावर बेतलीये, जोडीदाराला कुणी मारलं हा मधल्या भागाचा कणा आहे, त्यामुळे तिच्यावर आणखी एक जबाबदारी येते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले त्यातला दुसराच नियम असा की अलौकिक शक्तींना थारा नाही. अर्बन फँटसीने नेमकं तेच दार उघडलं, उघडायलाच हवं होतं, पण मग वाचकाला आधी सांगावं लागतं की या जगात काय शक्य आहे आणि काय नाही, नाहीतर क्लूला अर्थच उरत नाही. इथे खुनाचा उलगडा कसा होतो, तर एक सावली येऊन नाव सांगून जाते. बस्स.

आणि वाईट याचं वाटतं की क्लू पुस्तकातच पडलेला होता. जुन्या वस्तीत जुन्या पद्धतीचे पिवळेजर्द दिवे अजून आहेत असं तिसऱ्या प्रकरणात लेखकानेच लिहिलंय, वर्णनावरून ते लो-प्रेशर सोडियमचे. खून तिथेच होतो, आणि एक रखवालदार सांगतो की लाल कोट घातलेला माणूस पळताना दिसला. आता त्या दिव्याचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा, त्याखाली रंग ओळखताच येत नाहीत, लाल कोट मळकट काळपट दिसतो. म्हणजे एकतर रखवालदार खोटं बोलतोय किंवा त्या रात्री त्या खांबावर जो उजेड होता तो सोडियमचा नव्हताच, सावली बाहेर पडल्याचा होता. दोन्ही शक्यता कसल्या भन्नाट आहेत! आणि हे पकडू शकणारी एकमेव व्यक्ती पुन्हा तीच, शिडीवरची बाई. पोलीस नाही, तीनशे वर्षांचा माणूस नाही. हे तिने पकडलं असतं तर ती निवडली गेलेली नायिका असायची गरजच उरली नसती, कामाने आलेलं शहाणपणच पुरलं असतं.

जोडीदाराच्या मरणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पात्र आणि प्लॉट एकच कसे हे तिथे सगळ्यात नीट दिसतं. सध्या तो मरतो कारण व्हिलनला धमकी द्यायचीये. तो चांगला माणूस होता, मुलीचे फोटो दाखवायचा, म्हणजे मरणार हे पहिल्या फोटोलाच कळतं. समजा असं केलं असतं: दिवा बोलल्यावर नायिका त्या दिव्याला वाचवायचं ठरवते, आणि तिच्या हातात एकच साधन आहे, कामाची वही. ती लिहिते, बल्ब बदलला, तक्रार बंद. खोटी नोंद. वहीवर दोघांच्या सह्या लागतात, जोडीदार तिच्यावर विश्वास ठेवून न बघता सही करतो. आठवड्याने दिव्याची परत तक्रार येते, साहेब विचारतात की नवा बल्ब आठ दिवसांत गेला कसा, स्टोअरमधून तर बल्ब निघालेलाच नाही. जोडीदार तिला वाचवायला म्हणतो की मी बदलला, माझी चूक असेल, आणि एकटाच रात्री तिथे खरोखरचा बल्ब बदलायला जातो. त्याने खांबावर चढून काच उघडली की पुढचं तुम्हीच समजा.

बघा, मरण तेच, पान तेच, पण आता ते तिच्या एका चांगल्या हेतूने केलेल्या खोट्यातून आलंय. आता तिला रडण्यापलीकडे काहीतरी करायचंय, त्या मुलीला तोंड दाखवायचंय, साहेबांपुढे वही आहे, आणि तो दिवा, ज्याला वाचवायला तिने हे केलं, त्यानेच तिचा माणूस घेतला. पुढची दहा प्रकरणं यातून आपोआप निघतील, गटारातल्या पाठलागाची गरज नाही. यासाठी लेखकाला नवीन जादू शोधावी लागली नाही, नवीन पात्र आणावं लागलं नाही, फक्त तिला एक निवड द्यावी लागली आणि त्या निवडीची किंमत वसूल करावी लागली.

गूढ माणसाचं काय करायचं? त्याचे संवाद असे आहेत:

"या सावल्यांना कोंडलं कुणी?"
"वेळ आली की कळेल."
"मग मला का बोलावलंस?"
"कारण तू वेगळी आहेस."

पुस्तकभर हेच. तो का सांगत नाही याला कथेतलं कारण नाही, लेखकाला गुपित शेवटपर्यंत न्यायचंय एवढंच कारण आहे, आणि वाचकाला ते लगेच समजतं. अशा वेळी मी लेखकाला एकच विचारते, खरं सांगितलं तर या माणसाचं काय जाईल? आणि गंमत म्हणजे उत्तर कादंबरीत आहे, शेवटून दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत येऊन जातं, त्याचं तीनशे वर्षांचं आयुष्य त्या दिव्यांवरच चाललंय, सावल्या सुटल्या की तो संपणार. हे जर वाचकाला पहिल्या शंभर पानांत कळलं असतं, नायिकेला नाही पण वाचकाला, तर "वेळ आली की कळेल" या वाक्यात काय धार आली असती. प्रत्येक टाळाटाळ म्हणजे एका माणसाची जगायची धडपड. आणि त्यांच्यातलं ते प्रेमप्रकरण, जे सध्या फक्त त्याच्या करड्या डोळ्यांवर उभं आहे, त्यालाही काहीतरी जमीन मिळाली असती.

व्हिलनबद्दल मात्र मला खरी तक्रार आहे, बाकीच्या गोष्टी कच्चेपणा म्हणून समजून घेता येतात, ही येत नाही. व्हिलनचं म्हणणं काय, तर कोंडलेल्या जिवांना सोडा. बरोबर आहे त्याचं! सावल्या बोलतात, घाबरतात, त्यांना आपली नावं आठवतात, हे लेखकानेच दाखवलंय. शहराला उजेड मिळावा म्हणून हजारो जीव काचेत कोंडलेत आणि नायिका ती व्यवस्था टिकवायला लढते, जिंकते, आणि पुस्तक तिचं कौतुक करतं. कुणी एकदाही थांबून विचारत नाही की आपण कुणाच्या बाजूने लढतोय. व्हिलनला क्रूर हसू दिलं, दोन निरपराध माणसं मारायला लावली आणि प्रश्न मिटवून टाकला. हाच तर या कल्पनेचा गाभा होता, ज्या उजेडात आपण सुरक्षित चालतो त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतंय, आणि ते कळल्यावर रात्रपाळीची बाई काय करते. दिवे बंद केले तर अंधारात माणसं मरतील, चालू ठेवले तर कोंडलेले तसेच राहतील. दोन्हीकडे नुकसान असलेली निवड लेखकाच्या समोर आयती आली होती आणि तो तिला वळसा घालून छतावरच्या लढाईकडे गेला.

भाषेबद्दल फार बोलत नाही, वाक्यं स्वच्छ आहेत, वर्णनं काही ठिकाणी सुंदर आहेत, पहाटे दिवे विझतानाचा परिच्छेद मी दोनदा वाचला. फक्त निवेदनातल्या त्या सतत मारलेल्या कोट्या. ही सवय जुन्या अमेरिकन हार्डबॉइल्ड, म्हणजे रांगड्या गुप्तहेरांच्या, डिटेक्टिव्ह कथांमधून अर्बन फँटसीत आली, हॅमेट, चँडलर यांच्या परंपरेतून, पण त्या कथांतल्या माणसाच्या हातात दुसरं काही नसतं म्हणून तो तिरकस बोलतो, मार खातानासुद्धा बोलतो. इथे जोडीदाराचा मृतदेह सापडतो त्या पानावरही नायिका शेरा मारते. तिथे ती बाई मला पूर्ण खोटी वाटली.

मालिकेचा पहिला भाग आहे, पुढे सगळं उलगडेल, असंही काहीजण म्हणतात. पुढे काय उलगडायचं ते उलगडू दे, पण नायिकेने एखादा निर्णय घ्यायला दुसऱ्या भागाची वाट कशाला बघायची. मालिकेत मोठं रहस्य राखून ठेवता येतं, पात्र राखून ठेवता येत नाही. तुम्हाला दुसरा भाग घ्यावासा वाटला तर पहिली दोन-तीन प्रकरणं आधी चाळा, ती कामावर परत गेलीये का, तीन आठवडे कुठे होतीस असं कुणी विचारलंय का, आणि जोडीदाराच्या मुलीला ती भेटलीये का. यातलं काहीच नसेल तर लेखकाने अजून तेच चालवलंय असं समजा. लेखकाला लिहून कळवायचं असेल तर जरूर कळवा, फक्त "पात्रं कमकुवत वाटली" असं लिहू नका, त्याने त्याच्या हाती काही लागत नाही. अमुक पानावर तिने काय करायला हवं होतं असं तुम्हाला वाटलं आणि तिने काय केलं, एवढं एकच लिहा, त्याचा उपयोग होतो.

आणि यापुढे या प्रकारातलं कुठलंही पुस्तक घेताना पहिलं प्रकरण वाचून ठरवू नका, लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत तिथे घेतलेली असते, संपादकानेही. मधलं कुठलंही प्रकरण उघडा, जादू नसलेला एखादा सीन शोधा, दोन माणसं पैशांवरून किंवा सुट्टीवरून बोलतायत असा काहीतरी, आणि दोन पानं वाचा. नावं झाकली तरी कोण बोलतंय ते ओळखू येतंय का, आणि सीन संपताना सुरुवातीपेक्षा कुणाचं तरी काहीतरी बिघडलंय किंवा साधलंय का, एवढं बघा. असा सीन सापडलाच नाही, पान उलटावं तिकडे कुणीतरी मंत्रच म्हणतंय किंवा कुणीतरी कुणाला भविष्यवाणीच समजावून सांगतंय, तर ते पुस्तक तिथेच ठेवा.